उंची मोजा, मग मशीन लावा



अकोल्याच्या जठारपेठेत व्हेंटिलेटरवर बोलायला वेगळं निमित्त लागत नाही. तेल्हारा असो, अकोट असो की पातूर, रुग्णाचा दम अडला की गाडी अकोल्याकडे वळते. आपल्याकडची भाषणं बहुधा यंत्रं किती आली आणि किती बंद पडली यावर होतात. मी आज चालू असलेल्या, उत्तम चालणाऱ्या यंत्राबद्दल बोलणार आहे. कारण फुप्फुसाला इजा तेच करतं.

ऑगस्ट १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने श्वासनलिकेत नळी घालून हाताने बॅग दाबायला सुरुवात केली. वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून दिवसरात्र बॅगा दाबत होते. आपली आयसीयू तिथून निघाली. पुढे हाताची जागा यंत्राने घेतली आणि एक गोष्ट हरवली. फुप्फुस कडक झालं की हाताला कळायचं. यंत्राला आपण आकडा सांगतो, ते तो पाळतं.

तो आकडा किती घातक ठरू शकतो हे १९७४ मध्ये वेब आणि टियर्नी यांनी उंदरांवर दाखवलं. दाब पाण्याच्या ४५ सेंटिमीटरवर नेला, तासाभरात निरोगी फुप्फुसात पाणी भरलं. १९८८ मध्ये ड्रेफस यांनी उंदरांची छाती पट्टीने बांधली आणि तेवढाच दाब दिला. फुप्फुस ताणलंच गेलं नाही, आणि इजाही झाली नाही. म्हणजे नुसत्या दाबाला बोल लावून भागत नाही, ताण मोजावा लागतो.

फुप्फुसात सूज येऊन पाणी भरण्याच्या ज्या आजाराला आपण एआरडीएस म्हणतो, त्यात हा ताण का वाढतो? गॅटिनोनी यांनी सीटी स्कॅनमध्ये पाहिलं की या रुग्णांचं फुप्फुस सगळीकडे सारखं कडक नसतं. बराच भाग पाण्याने बसलेला असतो आणि श्वास घेणारा भाग लहान मुलाच्या फुप्फुसाएवढा उरतो. पाच एकरांच्या हिशेबाने मोटार चालवली आणि दीड एकराचाच दांड उघडा असेल, तर त्या दीड एकराचं काय होईल हे वऱ्हाडात मी सांगायला नको.

आता २००० सालची एआरडीएसवरची अमेरिकी चाचणी, ८६१ रुग्णांची. एका गटाला दर श्वासाला किलोमागे १२ मिलिलिटर, दुसऱ्याला ६. पहिल्या गटात ३९.८ टक्के दगावले, दुसऱ्यात ३१. हे आपण सगळे पाठ म्हणतो. त्याच चाचणीतली दुसरी गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. पहिल्या काही दिवसांत ऑक्सिजनचा आकडा १२ वाल्या गटात चांगला होता! मॉनिटर ज्यांचं बरं सांगत होता, त्यांच्यातच मृत्यू जास्त झाले.

आपल्याकडे नातेवाईक दारात अडवून विचारतात, “साहेब, ऑक्सिजन शंभर दाखवते, मंग मशीन काहून काढत नाही?” त्यांचा प्रश्न रास्त आहे. पण शंभरचा हट्ट त्यांचा नव्हे, आपला असतो. एआरडीएसमध्ये ८८ ते ९५ पुरे, कार्बन डायऑक्साइड थोडा चढला तरी चालतो. नातेवाइकांना हे आधीच समजावून सांगायला दहा मिनिटं लागतात, आणि आपण ती देत नाही.

आणि ते ६ मिलिलिटर कुठल्या किलोचे? इथेच गाडी घसरते. काट्यावरच्या वजनाचे नव्हेत, उंचीवरून काढलेल्या वजनाचे. माणूस जाड झाला म्हणून त्याचं फुप्फुस वाढत नाही. बाईसाठी ४५.५ आणि पुरुषासाठी ५० किलो धरायचे, मग १५२.४ सेंटिमीटरच्या वर दर सेंटिमीटरला ०.९१ मिळवायचे, खाली असेल तर वजा करायचे. आपल्या वॉर्डातली दीडशे सेंटिमीटर उंचीची, ७५ किलोंची बाई घ्या. तिचं हिशेबाचं वजन ४३ किलो, श्वास २६० मिलिलिटरचा. काट्याचं वजन धरून किलोमागे ८ दिले तर ६०० होतात. दुपटीहून जास्त. लाखांचं यंत्र शेजारी उभं आहे आणि शिंप्याकडची टेप वॉर्डात नाही, अशी आपली स्थिती आहे.

वऱ्हाडातले बरेच रुग्ण तर फुप्फुसाच्या आजाराने मशीनवर येतच नाहीत. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते, पापण्या मिटतात, श्वासाचे स्नायू लुळे पडतात. फुप्फुस ठणठणीत असतं. कीटकनाशक पोटात गेलेल्यांचंही सुरुवातीला पुष्कळदा तसंच. २०१७ च्या फवारणीत यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले, ते आपण विसरलेलो नाही. अशा रुग्णाचे स्नायू काही दिवसांत परततात, तोवर फुप्फुस जसं आलं तसं परत द्यायचं एवढंच काम. निरोगी फुप्फुसाला ६ द्यावे की ८, यावर तज्ज्ञांत वाद आहे. १२ नकोत, यावर वाद नाही.

मशीनची पाळीच येऊ न देणं हेही याच कामात धरा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशात प्राझोसिनची साधी गोळी वेळेवर देऊन छातीत पाणी भरण्याआधीच रुग्ण वाचवले. त्यांच्यासमोर तेव्हा आयसीयू नव्हतं.

वाटेतल्या श्वासांबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते. तालुक्याहून अकोला, किंवा इथून अडीचशे किलोमीटर नागपूर. मोठ्यांच्या अम्बू बॅगेत दीड लिटरच्या आसपास हवा मावते. घाबरलेला भाऊ किंवा दमलेला कर्मचारी ती दोन्ही हातांनी भराभर पिळतो. २६० हवेत तिथे किती जातात, कोण मोजतं? बॅग एका हाताने, छाती जेमतेम उचलेल इतकीच दाबायची, हे गाडी सुटण्याआधी दाखवायला दोन मिनिटं पुरतात.

पालथं झोपवण्याबद्दल फार बोलत नाही. २०१३ च्या फ्रान्स-स्पेनमधल्या चाचणीत गंभीर रुग्णांना दिवसाला सोळाएक तास पालथं ठेवलं, मृत्यू ३२.८ वरून १६ टक्क्यांवर आले. खर्च काय, तर चार-पाच माणसं आणि उशा. कोविडमध्ये आपल्या वॉर्डबॉयनाही हे जमायला लागलं होतं, साथ ओसरली आणि सवय गेली.

म्हणून दुपारच्या सत्रात एकच ठराव मांडतो. आपल्या रेफर चिठ्ठीवर रक्तदाबाच्या खाली चार रकाने वाढवावेत. रुग्णाची उंची, श्वासाचे मिलिलिटर, श्वास अर्धा सेकंद रोखून मोजलेला प्लॅटो दाब आणि पीप, म्हणजे श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब. प्लॅटो ३० च्या वर असेल तर पाठवणाऱ्याने आधी फोन करावा, आणि घेणाऱ्याने तो उचलावा. फवारणीचा हंगाम सुरू होण्याआधी चिठ्ठ्या छापून तालुक्यांत पोचायला हव्यात. कच्चा नमुना बाहेर नोंदणीच्या टेबलावर ठेवला आहे, जेवायला जाण्याआधी त्यावर दुरुस्त्या लिहून द्या.