हजार रुपयांचं नवं बलुतं

(निवृत्त कामगारांच्या मेळाव्यात केलेलं भाषण. बोललं तसं ठेवलं आहे.)

साथींनो, मायबहिणींनो, आणि मागं भिंतीला टेकून उभ्या असलेल्या तरुण पोरांनो,

मला दहा मिनिटं दिलीत. या वयात दहा मिनिटं नुसती खोकण्यात जातात. तरी बोलतो.

सकाळपासून इथं बरीच भाषणं झाली. चांगली झाली. पण दोघातिघांच्या तोंडात एक वाक्य आलं ते मला खटकलं. ते म्हणाले, मायबाप सरकारनं म्हाताऱ्यांवर दया करावी. साथींनो, माझा या वाक्याला विरोध आहे. दया मागायला आपण इथं जमलो असू तर मांडवाचं भाडं फुकट गेलं. दया मागायला देवळाची पायरी पुरते. तिथंही आपल्याला कालपरवापर्यंत बसू देत नव्हते, ती गोष्ट वेगळी.

पेन्शन म्हणजे काय? मालक आपल्या नावानं फंडात पगाराच्या बारा टक्के भरतो. त्यातले ८.३३ टक्के पेन्शनच्या खात्यात वळतात. ही मालकाची दानत नाही. आपल्या मजुरीचा हा भाग त्या महिन्यात आपल्या हातात न देता बाजूला ठेवला गेला. म्हातारपणी तो मागितला की म्हणतात, बघा, हात पसरतायत. अरे, ठेव परत मागणाऱ्याला कोणी भिकारी म्हणतं का? बँकेत जाऊन आपले पैसे काढणाऱ्या शेठजीला कॅशियर म्हणतो का, की शेठ, तुमच्यावर दया केली?

१७ डिसेंबर १९८२ ला सुप्रीम कोर्टानं नकारा खटल्यात हेच सांगितलं. पेन्शन ही मर्जीवरची बक्षिसी नाही, केलेल्या कामाचा तो मोबदला आहे. खटला सरकारी नोकरांचा होता. पण घामाला सरकारी आणि खाजगी असा वेगळा वास नसतो. आणि साल बघा. त्याच १९८२ च्या जानेवारीत मुंबईचे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले होते. निकाल आला तेव्हा ते गेटाबाहेर उपाशी होते. त्यातले हजारो परत गेटाच्या आत गेलेच नाहीत. आपली पेन्शन योजना आली १६ नोव्हेंबर १९९५ ला. तोवर ज्यांचं काम कधीच सुटलं होतं, त्यांच्यासाठी तिच्यात जागा नव्हती. मोबदल्याचं तत्त्व कोर्टात जिंकलं आणि गिरणगावात मेलं.

आता आपल्या वाडवडिलांकडे या. महारकी म्हणजे काय होतं? चोवीस तास सरकारचं काम. सांगावा पोचवा, सारा वसुलीला साहेबाच्या घोड्यामागं पळा, मेलेलं ढोर ओढा. पगार? पगार नाही. इनामाचा एक तुकडा, ज्याच्या शंभर वाटण्या झालेल्या, आणि घरोघर फिरून मागायचं बलुतं. काम सरकारचं आणि भाकरी गावाच्या उंबऱ्यावर. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाचं बिल आणलं ते याच दुखण्यावर. काम करून घेता ना? मग त्याचा रोख पगार द्या. तेव्हा आपल्यातलेच काही म्हणाले, हक्काची भाकरी जाईल. ती भाकरी हक्काची नव्हती. देणाऱ्याच्या तोंडावर अवलंबून असते ती भीक, तिला बलुतं म्हणा की आणखी काही. हे वतन कायद्यानं जायला १९५९ साल उजाडावं लागलं.

म्हणून मी म्हणतो, महिना हजार रुपये हे नवं बलुतं आहे.

हिशोब मांडतो. मी एका एमआयडीसीत भट्टीवर होतो. १९९६ ला लागलो, २०१३ ला अठ्ठावन पुरी झाली आणि बाहेर पडलो. सतरा वर्षं. पेन्शनचं गणित असं: शेवटचा पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले सत्तर. आणि पगार कितीही असो, माझ्या वेळी तो ६,५०० च्या वर धरत नव्हते. म्हणजे ६,५०० गुणिले १७ भागिले ७०. होतात १,५७८ रुपये. माझी पेन्शन किती बसली? ९२८. कारण कागदावर माझी नोकरी दहाच वर्षं आहे. पहिली सात वर्षं मी ठेकेदाराच्या वहीत होतो. भट्टी तीच, राख तीच, गेट तेच, मुकादमाची शिवी तीच. फंड मात्र नाही. पुढं २०१४ च्या सप्टेंबरात सरकारनं किमान पेन्शन हजार केली तेव्हा मला ७२ रुपये वाढले. पेढे वाटायचे होते, पण ७२ रुपयांत पेढे बसेनात.

त्या सात वर्षांत ठेक्यावर कोण होतं? भट्टी, राख, गटार, कॅन्टीनची भांडी. आणि कायम कोण होतं? स्टोअर, टूल-रूम, ऑफिस. हजेरीच्या वहीत जात लिहीत नव्हते. वस्तीचं नाव लिहीत होते. तेवढं पुरतं.

आता आपल्याकडून काय काय गेलं ते एकदा मोजू, कारण पुष्कळ जणांना ते माहीतच नाही. आधी पेन्शनचा तिसरा हिस्सा विकून शंभर महिन्यांची रक्कम एकदम घेता येत होती. पोरीचं लग्न, घराचा पत्रा, त्यातून व्हायचा. सप्टेंबर २००८ मध्ये ती सोय काढली. भांडवल परत मिळायची जी तरतूद होती तीही त्याच वेळी गेली. २०१४ मध्ये पगाराची मर्यादा १५,००० केली, पण दुसऱ्या हातानं काढून घेतलं. आधी शेवटच्या बारा महिन्यांची सरासरी धरत, ती साठ महिन्यांची केली. पाच वर्षांमागचा कमी पगार सरासरीत आला की पेन्शन आपोआप खाली. महागाई भत्त्याची जोड तर नाहीच. किमान हजाराचा आकडा २०१४ चा; दहा वर्षांनी, २०२४ सालीही, तो हजारच होता. या दहा वर्षांत डाळीचा भाव हजारावर थांबून राहिला काय?

आणि कोणी मागितलं नाही असं नाही. राज्यसभेच्या समितीनं २०१३ मध्ये लिहून दिलं की किमान तीन हजार द्या, भत्ता जोडा. समितीचे अध्यक्ष भगतसिंग कोश्यारी. तेच पुढं २०१९ ते २०२३ आपल्या राज्याचे राज्यपाल झाले. अहवाल लिहिणारा राजभवनात पोचला, अहवाल कपाटात राहिला.

तरी लढलं की मिळतं, हेही सांगतो. ज्यांनी २००८ च्या आधी तिसरा हिस्सा विकला होता, त्यांची कपात शंभर महिन्यांत वसूल झाली तरी चालूच होती. मरेपर्यंत चालणार होती. म्हाताऱ्यांनी अर्ज केले, मोर्चे काढले, दिल्लीला खेटे घातले. २०२० च्या फेब्रुवारीत सरकारला हुकूम काढावा लागला: पंधरा वर्षं झाली की पूर्ण पेन्शन सुरू. सहा लाखांहून जास्त लोकांना ती परत मिळाली. गेलेलं परत येतं. आपल्याच बुलढाण्यात २०१८ च्या डिसेंबरात निवृत्त कामगारांनी साखळी उपोषण मांडलं आणि साडेसात हजार अधिक महागाई भत्ता ही मागणी देशभर नेली. काठी टेकत येणाऱ्या माणसांनी हे केलं. त्यांना माझा जय भीम.

आता कडू बोलतो. ऐकून घ्या, मग शिव्या द्या.

या लढ्यात एक भेग पडते आहे. ४ नोव्हेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. खऱ्या पगारावर वाढीव पेन्शन पाहिजे असेल तर कामगार आणि मालक दोघांनी मिळून अर्ज करायचा, फरकाची रक्कम फंडात भरायची. १ सप्टेंबर २०१४ च्या आधी निवृत्त झालेले आणि तसा अर्ज न केलेले बाद. मी बाद. माझ्यासारखे लाखो बाद. ज्यांचा पगार मोठा होता, ज्यांच्या कंपनीनं सही दिली, ते लाखांचा भरणा करून वाढीव पेन्शनच्या रांगेत लागले. त्यांचा हक्क आहे तो, त्यांनी जरूर घ्यावा. माझी असूया नाही. पण त्यातले काही जण आता मेळाव्याला येत नाहीत. आमचं काम झालं म्हणतात.

आणि सगळ्यात तळाला कोण? ज्याच्या नावावर फंडाचा नंबरच नाही तो. आपण म्हणतो, गेलेलं परत द्या. ज्याला कधी दिलंच नाही त्यानं काय परत मागायचं? आमच्या वस्तीतल्या झाडूवाल्या बाया तीस-तीस वर्षं शहर झाडून म्हाताऱ्या झाल्या. ठेकेदार पाच वेळा बदलला, झाडू तोच राहिला. या मेळाव्याच्या पत्रकात त्यांच्यासाठी एक ओळ नाही. मी सकाळी पत्रक दोनदा वाचलं.

हे पहिल्यांदा होत नाही. मुंबईच्या गिरण्यांत साचाखात्यात अस्पृश्याला घेत नव्हते. कांडीचा धागा तोंडानं ओढावा लागे, विटाळ व्हायचा म्हणे. पगार मात्र त्याच खात्यात जास्त. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना सांगितलं, एकजूट पाहिजे ना, मग मागण्यांच्या यादीत ही बंदी उठवायचंही घाला. पुढाऱ्यांना ते जड गेलं. लाल बावट्याखाली सगळे एक, पण साचाखात्याच्या दारात विटाळ. एकजुटीचा अर्थ तळच्यानं गप्प बसावं असा करायचा नसतो. तळच्याची मागणी यादीत आली की मग एकजूट होते.

म्हणून माझी मागणी अशी. साडेसात हजार आणि भत्ता या दोन मागण्यांखाली तिसरी ओळ लिहा: ठेक्यावर केलेली सगळी वर्षं नोकरीत धरा, आणि त्या वर्षांचा फंड मूळ मालकाकडून वसूल करा. ही हवेतली मागणी नाही. ठेकेदाराच्या कामगाराचाही फंड भरायची जबाबदारी मूळ मालकावर, हे १९५२ च्या फंड योजनेतच लिहिलेलं होतं. न भरणाऱ्याची चौकशी करायला सात-अ कलम होतं. कायदा होता, तो वापरायला आपल्याकडे कागद नव्हता. आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आता नवी मेख मारली आहे. वाद उभा राहिल्याला पाच वर्षं उलटली की चौकशी सुरूच करता येणार नाही. मालकाला फक्त पाच वर्षं गप्प बसायचं आहे. आपल्याला मात्र तेवढ्या वेळात जागं व्हायचं आहे.

कागद पाहिजे हे मुंबईच्या कचरा कामगारांनी दाखवून दिलं. महापालिका म्हणत होती, हे आमचे नाहीतच. कचरा वाहतूक श्रमिक संघानं वर्षानुवर्षं खटला लढवला आणि २०१७ साली सुप्रीम कोर्टातून २,७०० कामगार कायम करून घेतले. हे लोक आमच्यासाठीच राबत होते, हे पालिकेला कागदापुढं कबूल करावं लागलं. त्यातले कितीतरी निकाल बघायला उरले नव्हते.

मागं उभ्या पोरांनो, तुमच्याशी बोलतो. आमचे गेटपास, हजेरीची कार्डं, ईएसआयचं कार्ड, पगाराची पाकिटं, भाजल्यावर दवाखान्यानं दिलेला कागद, हे सगळं पत्र्याच्या पेट्यांत सडतंय. उंदीर खातायत. तुमच्या हातात मोबाईल आहे. घरोघर जा. म्हाताऱ्याजवळ बसा, एकेका कागदाचा फोटो काढा. कोणत्या साली कोणता ठेकेदार, मुकादम कोण, शेजारी कोण काम करत होतं, लिहून घ्या. एकाच भट्टीवरच्या दहा जणांची साक्ष जुळली की ती पुराव्याची भिंत होते. कविता लिहा, मोर्चात घोषणा द्या, पण आधी ही वही तयार करा.

आणि हे फक्त आमच्यासाठी करू नका. तुमच्यातला जो बाईकवर लोकांची पार्सलं पोचवतो, त्याच्या हातात काय आहे? नेमणूकपत्र नाही, हजेरीचं कार्ड नाही. एक आयडी आहे. वरून बंद केला की तू कधी कामाला होतास हेच पुसलं. आमच्या सात वर्षांना निदान ठेकेदाराची वही होती. तुझी तीही नाही. आज आमची वर्षं मोजून घ्यायला शिकलात तर उद्या स्वतःची मोजून घ्याल.

आमच्या आज्यानं उंबऱ्यावर उभं राहून भाकरी मागितली. बापानं मुकादमाकडे काम मागितलं. आपण आता हिशोब मागू. मान वर करून, आकडा सांगून. माझा आकडा मी सांगितला: सात वर्षं. इथून उठायच्या आधी प्रत्येकानं आपापला आकडा त्या पोरांच्या वहीत लिहून जायचा. बायांनी आधी लिहायचा.

जय भीम.