पाटीवरचे स्वागत आणि अंदाजपत्रकातील जागा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



समाजवादी कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात ख्रिस्ती परंपरेतून निघालेल्या एका पंथाविषयी बोलण्याचे प्रयोजन काय, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. प्रयोजन इतकेच की, सर्वांना सामावून घेणारी संघटना कशी चालवावी हा प्रश्न त्यांचा आहे तसाच आपलाही आहे. जन्मभर अर्थशास्त्र शिकवल्यामुळे माझी नजर अशा प्रश्नात आधी हिशेबाच्या वहीकडे जाते. हा दोष आपण चालवून घ्यावा.

युनिटेरियन हे नाव महाराष्ट्राला परके नाही. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे त्रैक्य न मानता ईश्वर एकच आहे, असे मानणारा हा पंथ. त्यांच्याच साहाय्याने विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकावयास गेले. १९०३ मध्ये ते परतले आणि १९०६ मध्ये मुंबईत त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशन स्थापन केले. धर्मचिंतन आणि अस्पृश्यतानिवारण ही दोन वेगळी कामे आहेत, असे त्यांनी कधी मानले नाही.

अमेरिकेत हा पंथ १९६१ मध्ये युनिव्हर्सलिस्ट पंथाशी एक झाला. आज त्यांच्या मंडळीत ईश्वर मानणारे, न मानणारे, बुद्धाचा मार्ग आचरणारे, ज्यू कुटुंबात वाढलेले असे सारे एका बाकावर बसतात. निवृत्तीनंतर मुलीकडे राहावयास गेलो असताना अशा एका मंडळीच्या रविवारच्या सभेला मी काही महिने जात होतो. आरंभी एका पात्रात ज्योत पेटवतात. मग ज्याला वाटेल तो उठून आठवड्यातले सुख किंवा दुःख सांगतो. कोणाची नोकरी गेलेली असते, कोणाला नातू झालेला असतो. त्यानंतर गाणे, प्रवचन, आणि शेवटी खालच्या दालनात कॉफी. मला नास्तिक म्हणून कोणी हटकले नाही, की परका म्हणून दूर बसवले नाही.

परंतु मला अधिक शिकवले ते त्यांच्या वार्षिक सभेने. या पंथात वरून हुकूम देणारा बिशप नाही. धर्मोपदेशक नेमायचा तो सभासदांच्या मतदानाने, आणि खर्च चालतो तो सभासदांनी वर्षारंभी कबूल केलेल्या वर्गणीवर. त्या वर्षी छप्पर गळत होते. दर महिन्याला एका रविवारची झोळी बाहेरच्या एखाद्या संस्थेला, बेघरांच्या किंवा स्थलांतरितांच्या कामाला, देण्याचा त्यांचा प्रघात होता. तो वर्षभर थांबवावा, अशी सूचना आली. सूचना करणारे वाईट नव्हते. छप्पर खरोखरच गळत होते. दीड तास वाद झाला. शेवटी एक वृद्ध कृष्णवर्णीय बाई उठून म्हणाल्या, ‘‘दारावरच्या पाटीवर आपण सर्वांचे स्वागत लिहिले आहे. पाटीला रंगाचा खर्च एकदाच येतो.’’ सूचना थोड्या मतांनी पडली, आणि छपरासाठी वेगळी वर्गणी काढावी लागली.

त्या बाईंच्या वाक्यामागे पंथाचा मोठा इतिहास आहे. त्यातली उजळ पाने प्रथम सांगतो. जेम्स रीब हे बॉस्टनहून आलेले युनिटेरियन धर्मोपदेशक. मार्च १९६५ मध्ये ते कृष्णवर्णीयांच्या मताधिकारासाठी सेल्मा येथे गेले, तेथे गोऱ्या गुंडांनी त्यांना मारहाण केली आणि ११ मार्चला त्यांचा मृत्यू झाला. त्याच महिन्यात डेट्रॉइटच्या मंडळीच्या सभासद व्हायोला लिउझो यांची गोळ्या घालून हत्या झाली. १९८९ पासून या पंथाने समलिंगी व्यक्तींना मंडळीत सन्मानाने स्थान देण्याचा पद्धतशीर कार्यक्रम हाती घेतला.

आता दुसरे पान. जमैकातून आलेले एथेलरेड ब्राउन यांनी १९२० मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात कृष्णवर्णीयांची युनिटेरियन मंडळी काढली. ते समाजवादी पक्षाचे वक्तेही होते. मध्यवर्ती संस्थेकडून त्यांना फारसा आधार मिळाला नाही. पोटासाठी त्यांना लिफ्ट चालवण्याची नोकरी करावी लागली. १९२९ मध्ये तर संस्थेने त्यांचे नाव धर्मोपदेशकांच्या यादीतून काढले. ते परत येण्यास १९३५ साल उजाडले.

पुढे १९६८ मध्ये क्लीव्हलंडच्या महासभेने कृष्णवर्णीय सभासदांच्या परिषदेला चार वर्षांत मिळून दहा लाख डॉलर देण्याचा ठराव केला. ही रक्कम कशी खर्चावी, हे कृष्णवर्णीयांनीच ठरवायचे होते. खरी परीक्षा येथेच होती. तुमच्यासाठी आम्ही खर्च करू, असे म्हणणे सोपे. पैसा तुमचा, निर्णय तुमचा, असे म्हणणे कठीण. पुढच्याच वर्षी बॉस्टनच्या महासभेतून अनेक कृष्णवर्णीय प्रतिनिधी उठून गेले. १९७० मध्ये आर्थिक अडचणीचे कारण सांगून देणे लांबवण्यात आले, आणि परिषदेने संबंध तोडला. कबूल केलेली रक्कम पुरती कधीच दिली गेली नाही. सेल्माला प्राण देणारी माणसे ज्या पंथात निपजली, त्याच पंथाला तिजोरीची किल्ली देणे जड गेले. मात्र २०१६ मध्ये त्याच संस्थेच्या संचालक मंडळाने कृष्णवर्णीय सभासदांच्या नव्या संघटनेसाठी त्रेपन्न लाख डॉलरची तरतूद केली. त्याला जवळजवळ अर्धशतक जावे लागले.

यातून कोणी असा निष्कर्ष काढू नये की, हे लोक दांभिक होते. दांभिक माणसे महासभेत असे ठराव आणत नाहीत, आणि स्वतःच्या अपयशाचा इतिहास स्वतः छापत नाहीत. निष्कर्ष वेगळा आहे. सहानुभूतीला सत्तेचे वाटप आपोआप लागून येत नाही. ते दरवर्षी अंदाजपत्रकात नव्याने करावे लागते.

आता आपल्याकडे पाहू. आपल्या जाहीरनाम्यात दलित, आदिवासी, स्त्रिया, अल्पसंख्य साऱ्यांना स्थान आहे. पण जिल्हा समितीची रोखवही कोणाच्या हाती असते? बैठकीची वेळ ठरवताना रोजंदारीवर जाणाऱ्या कार्यकर्तीचा विचार होतो का? तिचे एसटीचे भाडे कोणत्या खात्यात पडते? हे प्रश्न क्षुल्लक वाटतील. माझ्या मते तत्त्वज्ञानाच्या चर्चेपेक्षा यांची उत्तरे देणे अवघड आहे. आपण परत गेल्यावर आपल्या शाखेची गेल्या वर्षाची वही एकदा या नजरेने वाचावी, एवढीच विनंती करून मी थांबतो.