पळसगांवचे नाईक

पनवेलहून माथेरान-प्रबळगडाच्या पायथ्याकडे जाणाऱ्या वाटेवर, गाढी नदीच्या खोऱ्यांत नेरे हें गांव आहे. अशा गांवांत लढाईवरून परत आलेल्या शिपायाचा सत्कार करावयाचें ठरलें, म्हणजे समारंभाचा साचा बहुधा ठरलेलाच असतो. शाळेच्या पटांगणांत मांडव पडतो, अध्यक्ष शहरांतून येतात, शाल-श्रीफळ होतें, मानपत्र वाचलें जातें. आणि ज्याच्यासाठीं हें सर्व चाललेलें असतें, तो गृहस्थ खुर्चीच्या कडेवर अवघडून बसलेला असतो. भाषणांत ‘सातासमुद्रापलीकडे गाजविलेलें शौर्य’ हे शब्द हटकून येतात. पण तें कोणत्या समुद्रापलीकडे गाजविलें, कोणाच्या निशाणाखालीं गाजविलें, आणि कोणासाठीं, हे प्रश्न शिष्टाचारानें कोणी काढीत नाहीं.

नेऱ्याच्याच जिल्ह्यांत एक नांव असें आहे कीं, तें घेतांच हे प्रश्न पुढें उभे राहतात. हा जिल्हा १ जानेवारी १९८१ पासून रायगड या नांवानें ओळखला जातो. त्यापूर्वीं तो कुलाबा जिल्हा होता. पनवेलहून गोव्याच्या रस्त्यानें पेण, नागोठणें, कोलाड मागें टाकीत दक्षिणेकडे निघालें, म्हणजे माणगांव लागतें. त्या तालुक्यांतील पळसगांवीं १६ नोव्हेंबर १९२१ रोजीं यशवंत घाडगे यांचा जन्म झाला. शेतकऱ्यांच्या मुलुखांतला हा तरुण पलटणींत भरती झाला आणि नाईक या हुद्द्यावर चढला. दुसऱ्या महायुद्धांत मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीबरोबर ते इटलींत गेले. ते घरीं परत आले नाहींत.

१९४४ च्या उन्हाळ्यांत रोम पडलें होतें आणि जर्मन सैन्य डोंगराडोंगरांतून झुंजत उत्तरेकडे हटत होतें. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत दहावी हिंदी डिव्हिजन एकेक टेकडी घेत पुढें सरकत होती. १० जुलै रोजीं घाडगे यांच्या कंपनीनें शत्रूच्या एका बळकट ठाण्यावर हल्ला केला. अगदीं जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला आणि घाडगे यांच्या हाताखालचे सर्व शिपाई कांहीं ठार, कांहीं जखमी होऊन पडले. उभे राहिले ते एकटे नाईक. बरोबर येण्यास आतां कोणी उरलें नाहीं, हें त्यांना पुरतें ठाऊक होतें. तरी ते क्षणभरहि न थांबतां त्या तोफेवर धांवून गेले. पहिल्या हातबाँबनें मशीनगन आणि ती चालविणारा दोन्ही निकामी झाले. दुसऱ्याला त्यांनीं टॉमीगननें टिपलें. गोळ्या संपल्या, दुसरी मॅगेझिन भरण्यास सवड नव्हती. तेव्हां बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना त्यांनीं दस्त्यानें ठेचून ठार केलें. इतक्यांत लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातींत व पाठींत शिरल्या. जें ठाणें त्यांनीं जिंकलें, त्या ठाण्यांतच त्यांचा देह पडला. वय बावीस वर्षांचें.

मानपत्रें ही हकीकत चार ओळींत उरकतात, आणि बंदुकीच्या दस्त्याचें वाक्य तर पुष्कळदां गाळतात. वास्तविक तें गाळूं नये. शौर्य म्हणजे काय, आणि तें करणाऱ्याला काय करावें लागतें, हें त्या एका वाक्यांत आहे. समोरचे चौघेहि कोणत्या तरी गांवचे, कोणाचे तरी मुलगेच होते.

नोव्हेंबर १९४४ मध्यें व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. साम्राज्यांतील हें सर्वश्रेष्ठ लष्करी पदक; तें घेण्यास घाडगे नव्हते, त्यांची पत्नी होती.

आतां त्या न काढलेल्या प्रश्नांकडे वळावयास हवें. सप्टेंबर १९३९ मध्यें व्हाइसरॉयनीं हिंदुस्थान युद्धांत उतरल्याचें जाहीर केलें, तें येथील लोकप्रतिनिधींना न विचारतां. १९४२ च्या ऑगस्टांत ‘चले जाव’ची घोषणा झाली आणि पुढारी तुरुंगांत गेले. याच जिल्ह्यांत, पनवेलच्या शेजारीं, चिरनेर येथें २५ सप्टेंबर १९३० रोजीं जंगल सत्याग्रहांतील लोकांवर सरकारी गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. यशवंत घाडगे तेव्हां आठ वर्षांचे होते. चिरनेरचे हुतात्मे ज्या सत्तेच्या गोळ्यांनीं पडले, तिच्याच सैन्यांत पळसगांवचा मुलगा लढला आणि तिच्याच पदकानें गौरविला गेला. स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षें अशा शिपायांचें काय करावें हें भल्याभल्यांना उमगलें नाहीं. कोणी त्यांना पोटासाठीं गेलेले भाडोत्री म्हणून बाजूला सारलें, तर कोणी हुतात्म्यांच्या मालिकेंत बसवून मोकळे झाले. दोन्ही गोष्टी सोयीच्या आहेत, खऱ्या मात्र नाहींत. पंचवीस लाखांचें तें सैन्य खुषीनें भरती झालेलें होतें, सक्तीचें नव्हतें. पण कोंकणांतील खडकाळ वावर आणि घरांतली खाणारीं तोंडें यांची सक्ती कोणत्याहि कायद्यांत लिहिलेली नसते.

शिवाय या शिपायांचें मन केवळ निशाणावरून ओळखतां येत नाहीं. घाडगे यांची हीच तिसरी पलटण १९४१ सालीं इरिट्रियांत केरेनच्या डोंगरांवर लढली होती. निशाण इंग्रजांचें, पण मराठा पलटणींची रणगर्जना श्रीछत्रपति शिवाजी महाराजांच्या जयजयकाराची. माणगांवला लागून महाड तालुका, आणि त्या तालुक्यांतच रायगड किल्ला. परक्या डोंगरांवर जयघोष झाला तो लंडनच्या राजाचा नव्हे.

इटलीच्या मोहिमेंत सुमारें पन्नास हजार हिंदी सैनिक होते. त्यांपैकीं ५,७८२ तेथेंच राहिले. त्या रणभूमीवर मिळालेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसांपैकीं सहा हिंदी सैनिकांचे होते. ज्यांच्या समाधीचा ठावठिकाणा नाहीं, अशा चार हजारांवर सैनिकांचीं नांवें कॅसिनो येथील स्मारकावर कोरलेलीं आहेत, आणि यशवंत घाडगे यांचें नांव त्यांतच आहे. इकडे माणगांवांत त्यांचा पुतळा उभा आहे आणि दर जानेवारींत त्यांच्या स्मरणार्थ सोहळा होतो.

ज्यांच्या भूमीवर ते पडले, त्यांच्याकडून सन्मान येण्यास मात्र एकुणऐंशी वर्षें लागलीं. जुलै २०२३ मध्यें पेरूजा प्रांतांतील मोंतोने या गांवीं घाडगे यांच्या नांवानें एका स्मारकाचें अनावरण झालें. तें स्मारक म्हणजे पुतळा नव्हे, तोफ नव्हे. तें छायायंत्र आहे, म्हणजे सूर्याच्या सावलीनें वेळ दाखविणारें घड्याळ. आपण सारे एकाच सूर्याखालीं आहोंत, अशा अर्थाचें लॅटिन वचन त्यावर कोरलें आहे. तेथें सावली मध्यान्ह दाखविते, तेव्हां माणगांवांत सूर्य चार तास पुढें, उतरणीला लागलेला असतो.

जे परत आले त्यांची गोष्ट निराळी. याच रेजिमेंटच्या पहिल्या पलटणींतील शिपाई नामदेव जाधव हे तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांतील निमजचे. ९ एप्रिल १९४५ रोजीं सेनियो नदीवर त्यांचे कंपनी कमांडर व दोन शिपाई जखमी झाले, बरोबरचे बाकीचे ठार झाले. जाधवांनीं एका जखमी शिपायाला पाण्यांतून, सुरुंगांच्या पट्ट्यांतून सुखरूप आणलें. पुन्हां जाऊन दुसऱ्यालाहि आणलें. तिसऱ्या खेपेस ते शत्रूच्या ठाण्यांवर गेले. हाताला गोळी लागून बंदूक चालेना, तेव्हां हातबाँबांनीं आणखी दोन ठाणीं बंद पाडलीं आणि बांधावर उघड्यावर उभें राहून, रणगर्जना करीत, मागच्या सोबत्यांना हात करून बोलावलें. तेहि व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले. पुढें हवालदार झाले, आणि १९८४ सालीं पुण्यास वारले. आधीं दोघांना पाठीवर घेणें आणि मग ठाण्यांवर जाणें, हा क्रम त्यांच्या मानपत्रांत कोणी बदलूं नये.

पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारनें महाराष्ट्रांतील कित्येक खेड्यांत शिळा बसविल्या. या गांवांतून इतके गेले, त्यांपैकीं इतके कामास आले, एवढेंच त्यांवर कोरलेलें, नांवें नाहींत. कोठें त्या चावडीच्या भिंतींत आहेत, कोठें देवळाच्या आवारांत, चुन्याच्या हातांखालीं अक्षरें बुजत चाललेलीं. ज्या घरांतून तीं माणसें गेलीं, त्या घरांत एखादें पदक, एखादी पेन्शनची चोपडी ट्रंकेच्या तळाशीं अजून असावयाची. शाल-श्रीफळ आणण्यापूर्वीं गांवकऱ्यांनीं ती ट्रंक उघडवावी, आणि आजोबा कोणत्या पलटणींत होते, कोणत्या बंदरावर उतरले, हें वहींत उतरून घ्यावें. मानपत्राला मजकूर तेथून मिळेल.