दाबाचा प्रयोग आणि वहीतले आकडे



पास्कलचा नियम फळ्यावर एका ओळीत मावतो. प्रयोगात मात्र तो विद्यार्थ्याची कसोटी पाहतो. पाण्याने भरलेल्या दोन सिरिंजा नळीने जोडल्या आणि एकीचा आतला व्यास दुसरीच्या दुप्पट असला, तर दट्ट्याचे क्षेत्रफळ चौपट होते. मोठ्या दट्ट्यावरील 4 किलो भार लहान दट्ट्यावरच्या 1 किलोने तोलला जावा. प्रत्यक्षात थोड्या कमी-अधिक वजनानेही तो स्थिरच राहतो, कारण दट्ट्याचे घर्षण आड येते. ते टाळता येत नाही, पण मोजता येते. लहान दट्ट्यावरचे वजन वाढवीत जावे आणि भार वर सरकू लागताच ते टिपावे. मग कमी करीत, तो खाली येऊ लागताच पुन्हा टिपावे. दोहोंची सरासरी नियमाजवळ पोहोचते. नळीत बुडबुडा मात्र राहू नये. ब्रेकच्या नळीतली हवा मेकॅनिक काढतो, तीही याचसाठी.

समजा, एका वहीत नुसते 1000 ग्रॅम आहेत आणि दुसरीत 1300 व 720. पूर्ण गुणांवर हक्क दुसरीचा. पहिल्या विद्यार्थ्याला शिक्षकांनी पुन्हा प्रयोगाच्या मेजापाशी बोलवावे.