जुन्या चित्रांचे लिप्यंतर



या जिल्ह्यात असे जुने घर क्वचितच सापडेल, की ज्याच्या माळ्यावर मोडी कागदांचे एखादे दप्तर नाही. कागद शाबूत असतो, शाई काळीभोर असते, आणि तरीही घरातल्या कोणाला एक ओळ वाचता येत नाही. कागद हरवलेला नसतो. वाचणारा हरवलेला असतो. आज मी संगणकातल्या चित्रांविषयी बोलणार आहे, आणि त्यांचीही गत नेमकी हीच झाली आहे.

प्रथम घरचीच गोष्ट सांगतो. आमच्या पणजोबांची सहा मोडी पत्रे होती. १९९४ साली माझ्या चुलतभावाने हाती धरायच्या स्कॅनरने त्यांची चित्रे घेतली आणि एका फ्लॉपीवर ठेवून दिली. पुढे एका पावसाळ्यात मूळ पत्रांची पेटी वाळवीने खाल्ली. आम्ही हळहळलो, पण चित्रे आहेत म्हणून निश्चिंत राहिलो. गेल्या वर्षी ती फ्लॉपी बाहेर काढली, तेव्हा माझ्या नव्या संगणकाने सरळ सांगितले की, ही फाइल मला ओळखता येत नाही.

ही चित्रे पीसीएक्स नावाच्या पद्धतीची होती. झेडसॉफ्ट या कंपनीच्या पेंटब्रश कार्यक्रमाबरोबर ती १९८०च्या दशकात रूढ झाली. तिची युक्ती साधी आहे. ओळीत पन्नास ठिपके पांढरे असतील, तर 'पांढरा' हा शब्द पन्नास वेळा न लिहिता 'पन्नास पांढरे' असे लिहायचे. आपला वाणी हिशेब मांडतो तसेच हे. चार इंच रुंद आणि सहा इंच लांब पत्र, इंचाला दोनशे ठिपके, म्हणजे ९,६०,००० ठिपके झाले. काळे की पांढरे एवढेच नोंदवायचे तर १,२०,००० बाइट पुरतात, आणि या युक्तीने त्याहूनही कमी. फ्लॉपीची जागा जेमतेम असताना ही काटकसर मोलाची होती. पुढे जागा मुबलक झाली, नव्या पद्धती आल्या, आणि जुनी वाचणारे कार्यक्रम एकेक करून मागे पडले.

मग उपाय काय? मोडीला जो उपाय, तोच येथे: जाणकाराकडून बालबोधीत उतरवून घ्यायचे. असा एक जाणकार फुकट मिळतो. त्याचे नाव इमेजमॅजिक. ड्यूपॉन्ट कंपनीत काम करणाऱ्या जॉन क्रिस्टी यांनी १९८७ साली तो रचायला घेतला आणि १९९० मध्ये सर्वांसाठी खुला केला. दोनशेहून अधिक पद्धती त्याला कळतात. त्याला बटणे नाहीत, चित्रे नाहीत. काळ्या पडद्यावर एक ओळ टंकायची: 'मॅजिक', मग जुन्या फाइलचे नाव, मग नव्या फाइलचे नाव. जुन्या नावाची शेपटी पीसीएक्स आणि नव्याची पीएनजी ठेवली, की काय करायचे ते तो शेपटीवरूनच ओळखतो. जुन्या पुस्तकांत 'मॅजिक'ऐवजी 'कन्व्हर्ट' असा शब्द आढळेल. पण विंडोजमध्ये त्याच नावाची भलतीच आज्ञा आहे, ती डिस्कची मांडणी बदलते. तेव्हा तिच्या वाटेला जाऊ नये.

पाचशे चित्रे असतील, तर 'मॉग्रिफाय' ही आज्ञा सगळी एकदम उतरवते. मात्र नवी पद्धत कोणती हे सांगायला विसरलात, तर ती मूळ फाइलवरच गिरवते. म्हणून मूळ फाइलींची नक्कल करून नकलेवरच काम करावे.

उतरवायचे कशात, हाही प्रश्न आहे. लिप्यंतर आणि सारांश यांत फरक असतो. १९९६ मध्ये सिद्ध झालेली पीएनजी लिप्यंतर करते. एकही ठिपका बदलत नाही. १९९२ची जेपेग सारांश करते. डोळ्यांना सहसा जाणवत नाही ते गाळते. फुलांच्या छायाचित्राला ते चालते, पण मोडी अक्षराच्या कडेला त्यामुळे धुरकट डाग येतात, आणि मोडीत एका फाट्याने शब्द बदलतो. काम झाल्यावर 'कम्पेअर' या आज्ञेने दोन्ही फाइली ताडून पाहाव्यात. किती ठिपके वेगळे, याचे उत्तर शून्य आले म्हणजे नक्कल खरी.

आपल्याच निजामशाहीतला 'तारीफ-ए-हुसेनशाही' हा सोळाव्या शतकातला सचित्र ग्रंथ पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्यातल्या काही चित्रांत राणी खुंजा हुमायून हिची आकृती पुढे कोणीतरी रंगाने झाकली. तरीही ती तेथे होती, हे चार शतकांनंतर नुसत्या डोळ्यांना कळते. संगणकातल्या चित्राला असे भाग्य नाही. ते दर पिढीने नव्याने उतरवले नाही, तर तीस वर्षांतच मुके होते.

आमच्या सहा पत्रांपैकी पाच पूर्ण उतरली. सहावे मात्र फ्लॉपीच जीर्ण झाल्यामुळे अर्धेच निघाले. खालचा भाग नुसता काळा. मोडी जाणणाऱ्या एका गृहस्थांनी ते वाचून दाखवले. बैलजोडी पाठवण्याविषयी मजकूर आहे, आणि शेवटी विचारले आहे, 'मुलीचा ताप उतरला का?' ती मुलगी म्हणजे माझी आजी. त्यापुढे पणजोबांनी काय लिहिले, ते आता कोणताही जाणकार सांगू शकणार नाही. आज्ञा बरोबर होती, कार्यक्रम चोख होता; आम्हीच उशिरा गेलो.

आपल्या घरच्या कपाटात अशी एखादी फ्लॉपी, एखादी तबकडी असेलच. हा पाडवा मागे पडला, उन्हाळ्याची सुट्टी समोर आहे. घरातल्या एखाद्या कॉलेजच्या मुलाला किंवा मुलीला हाताशी घ्या आणि एक दुपार त्यासाठी द्या.