दमसास : धावून की सायकल चालवून?

(युवकांच्या व्यायामवर्गाच्या समारोपप्रसंगी केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मराठीतील 'दम' या शब्दाला दोन कुळे आहेत. फारसीतून आलेला दम म्हणजे श्वास आणि संस्कृतातील दम म्हणजे इंद्रियनिग्रह. दीर्घ पल्ल्याच्या व्यायामात ही दोन्ही कुळे एकत्र नांदतात. ज्याला श्वास टिकवायचा आहे, त्याला आधी मनाची घाई आवरावी लागते.

हा दमसास वाढवण्यासाठी धावावे की सायकल चालवावी, असा प्रश्न वर्गातील मुले नेहमी विचारतात. त्यांतील कित्येकांसमोर भरतीची परीक्षा उभी आहे. पालकांना मात्र स्वतःच्या गुडघ्यांची चिंता असते. प्रश्न एकच असला, तरी विचारणाऱ्याची गरज निरनिराळी आहे, हे ध्यानात ठेवूनच त्याचे उत्तर शोधले पाहिजे.

प्रथम हृदयाचा विचार करू. नियमित दीर्घ व्यायामाने हृदय एका ठोक्यात अधिक रक्त फेकू लागते, स्नायूंमध्ये सूक्ष्म केशवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि प्राणवायूचा विनियोग करून शक्ती निर्माण करणारी पेशींतील केंद्रे वाढतात. पाय जमिनीवर पडतो की पायडलवर, याच्याशी हृदयाला फारसे कर्तव्य नसते. श्रम पुरेसा तीव्र आणि पुरेसा दीर्घ असला, म्हणजे ते बलवान होते. या बाबतीत दोन्ही व्यायाम सख्खे भाऊ आहेत.

भेद आहे तो हाडे, सांधे आणि स्नायू यांच्या बाबतीत. धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो, आणि मिनिटाला दीडशेहून अधिक पावले पडतात. शिवाय मांडीच्या स्नायूला शरीर पुढे ढकलण्याबरोबरच ते पडताना सावरावेही लागते. या सावरण्यानेच दुसऱ्या दिवशी पाय ठणकतात. सायकलवर शरीराचा बहुतांश भार सीट आणि हँडल वाहतात. त्यामुळे सायकलस्वार रोज कित्येक तास व्यायाम करू शकतो, धावपटूला ते झेपत नाही. टूर द फ्रान्स या शर्यतीत स्पर्धक सुमारे तीन आठवड्यांत २१ टप्पे पार करतात. रोज तितके तास धावण्याची स्पर्धा भरवली, तर बहुतेकांचे पाय पहिल्याच आठवड्यात जायबंदी होतील.

याचे बोलके उदाहरण लान्स आर्मस्ट्राँगचे आहे. उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणी २०१२ साली त्याची टूरमधील सातही विजेतेपदे काढून घेण्यात आली, आणि ते योग्यच झाले. परंतु २००६ साली तो न्यूयॉर्कची मॅरेथॉन धावला, तो अनुभव आपल्या विषयाला उपयोगी आहे. ४२.१९५ किलोमीटरचे अंतर त्याने २ तास ५९ मिनिटे ३६ सेकंदांत पुरे केले आणि आपण केलेले हे सर्वांत कठीण शारीरिक काम असल्याचे सांगितले. सायकलने घडवलेल्या हृदयाने त्याला शेवटपर्यंत नेले, परंतु धावण्याची सवय नसलेल्या पायांनी त्याची किंमत वसूल केली.

म्हणून भरतीच्या मुलांना माझे स्पष्ट सांगणे आहे. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. जी परीक्षा द्यायची, तिचाच सराव मुख्य असला पाहिजे. सायकल धावण्याची जागा घेऊ शकत नाही. मात्र जाहिरात निघाली की पहाटे डांबरी रस्त्यावर एकदम दहा-दहा किलोमीटर पळत सुटणे, ही चूक दरवर्षी दिसते. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत तयार होतात, हाडांना आणि स्नायुबंधांना त्याहून अधिक काळ लागतो. मग नडगी दुखू लागते, तरीही मुलगा धावत राहतो, अखेर हाडाला सूक्ष्म तडा जातो आणि ऐन परीक्षेच्या वेळी तो घरी बसतो. वर्षभराचे कष्ट आणि आईवडिलांची आशा एका नडगीपायी वाया जाते. आठवड्यात तीन-चार दिवस मातीच्या मैदानावर धावावे, एक-दोन दिवस सायकल चालवावी, अंतर हळूहळू वाढवावे. नडगी एकाच जागी बोट लावताच दुखू लागली, तर धावणे त्वरित थांबवून वैद्यकीय सल्ला घ्यावा.

प्रौढांचा हिशेब थोडा निराळा आहे. वजन अधिक आहे किंवा गुडघे कुरकुरतात, त्यांनी सायकलपासून आरंभ करावा. सीटची उंची अशी असावी की पायडल खाली असताना गुडघ्यात किंचित बाक राहील. जड गियरमध्ये रेटण्यापेक्षा हलक्या गियरमध्ये पाय भरभर फिरवावेत. ज्यांना हृदयविकार वा मधुमेह आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. मात्र एक सावधगिरी हवी. उतारावर सायकल आपोआप पळते, तेव्हा श्रम होत नाही. सपाट रस्त्यावर एक किलोमीटर धावण्याइतका श्रम व्हायला साधारण तीन-चार किलोमीटर सायकल चालवावी लागते. शिवाय सायकलने हाडांना आघात मिळत नाही, आणि आघाताशिवाय हाड बळकट होत नाही. केवळ सायकलच चालवणाऱ्या कसलेल्या स्पर्धकांच्या मणक्यांची घनता कमी आढळली आहे. म्हणून सायकलस्वारानेही चालणे, जिने चढणे, दंड-बैठका सोडू नयेत. चाळिशी ओलांडलेल्या भगिनींनी तर हे विशेष लक्षात ठेवावे.

या दोन्ही वाटांवर आपल्या मातीतील माणसे पुढे गेली आहेत. नाशिक जिल्ह्याच्या आदिवासी पाड्यातून आलेल्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर धावण्यात कांस्यपदक मिळवले. नाशिकच्याच डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली दोघांच्या संघाने अमेरिकेचा एक किनारा ते दुसरा किनारा ही सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत पूर्ण केली. २०१७ साली नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत बारा दिवसांच्या आत एकट्याने पार केली. साधन वेगळे असले, तरी वर्षानुवर्षांचे सातत्य सर्वांचे सारखेच आहे.

तेव्हा मित्रहो, वाद साधनाचा नाही. ज्याला धावण्याची परीक्षा द्यायची, त्याने धावावे आणि सायकलचा आधार घ्यावा. ज्याचे गुडघे थकले, त्याने सायकल चालवावी आणि हाडांसाठी पायांवर उभे राहावे. व्यायाम करताना शेजाऱ्याशी दोन वाक्ये बोलता येतील, इतक्या वेगाने आरंभ करा. उद्याही तितक्याच आनंदाने बाहेर पडता आले, तर आजची मात्रा योग्य होती असे समजा. आज संध्याकाळी घरोघरी गच्चीवर वा जिन्याखाली धूळ खात पडलेली सायकल बाहेर काढा, चाकांत हवा भरा, ब्रेक तपासा, आणि उद्या पहाटे मुलांना सोबत घेऊन निघा.