समजलं का? – होऽऽऽ!
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या वर्गातली एक गोष्ट आठवतेय? फळ्यावरचं उदाहरण संपलं की विचारणा व्हायची, "समजलं का?" आणि आपण सगळे एका सुरात, "होऽऽऽ!" गणिताच्या बाई मात्र तेवढ्यावर सोडत नसत. मागच्या बाकावरच्या कुणाला तरी उठवून म्हणायच्या, "मग तुझ्या शब्दांत सांग बघू." त्या 'हो'त किती दम आहे ते लगेच कळायचं. मी स्वतः कितीदा तरी खाली मान घालून उभी राहिले आहे.

काही वर्षांपूर्वी एका आरोग्य संशोधनासाठी मी मोबाइल अ‍ॅप बनवलं. कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन बायकांची माहिती भरायची. पहिल्या पानावर संमतीचा मजकूर, खाली 'सहमत आहे' हे बटण. ते दाबल्याशिवाय पुढचं पान उघडत नसे. चाचणीत ४२ बायकांची माहिती आली, एकही नकार नाही. मला ते यश वाटलं.

मग माणसांवरच्या संशोधनाच्या नीतिनियमांचं प्रशिक्षण आलं. सगळ्यांना सक्तीचं. 'मी कुठे कुणाला सुई टोचते?' असं कुरकुरतच मी गेले.

तिथे अमेरिकेतल्या टस्कीगीची हकीकत ऐकली. १९३२ ते १९७२, चाळीस वर्षं, सरकारी आरोग्य सेवेने अलाबामातल्या सुमारे ६०० गरीब कृष्णवर्णीय पुरुषांवर अभ्यास केला. त्यांतल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. त्यांना सांगितलं एवढंच, की तुमचं रक्त बिघडलंय. १९४० च्या दशकात पेनिसिलिन हा खात्रीचा उपाय मिळाला, तोही त्यांना दिला नाही. हे करणारे शिकलेसवरलेले डॉक्टर होते. या प्रकरणानंतर अमेरिकेत कायदा झाला, आणि १९७९ च्या बेलमाँट अहवालाने तीन तत्त्वं सांगितली: माणसाचा आदर, त्याचं हित आणि न्याय.

माझ्या सुईचं उत्तरही तिथेच मिळालं. जानेवारी २०१२ मध्ये फेसबुकने एक आठवडा ६,८९,००३ लोकांना दिसणाऱ्या पोस्ट कमीजास्त करून त्यांच्या मनःस्थितीवर काय परिणाम होतो ते पाहिलं. त्यांना वेगळं कुणी विचारलं नव्हतं. तो प्रयोग माझ्यासारख्याच लोकांच्या कोडमधून झाला होता.

दुपारी सराव होता. एक अनुभवी परिचारिका गावातली बाई झाल्या आणि मी माझं अ‍ॅप घेऊन त्यांच्यासमोर बसले. मजकूर भराभर वाचला. त्या म्हणाल्या, "मला नाही भाग घ्यायचा. आता कुठलं बटण दाबू?"

तसं बटणच नव्हतं. मी ते बनवलंच नव्हतं.

पुढे त्या म्हणाल्या, "आणि काय वाचलंत, ते मला माझ्या शब्दांत विचारा की." मला एकदम आपला वर्ग आठवला.

परत येऊन 'नाही' हे बटण टाकलं, 'हो'एवढंच मोठं. वाचून झाल्यावर तीन प्रश्न घातले: हे कशासाठी आहे, माहिती कोण पाहणार, मधेच थांबता येईल का? उत्तर बाईंनी आपल्या शब्दांत द्यायचं. त्या ४२ जणींकडे पुन्हा जावं लागलं. वेळ गेला, वरिष्ठ वैतागले. सहा जणी नको म्हणाल्या. त्यांतल्या एकीने विचारलं, "हे माझ्या घरच्यांना दिसेल का?" हा प्रश्न पहिल्या खेपेला तिला विचारताच आला नव्हता. त्या सहा जणींची माहिती मी माझ्या हाताने पुसली.

आता नव्या मुलामुलींना हे शिकवायला मला बोलावतात. नियमांची पुस्तकं आहेत, आपल्या आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वंही आहेत. ती मी शिकवतेच. पण सुरुवात करते ती आपल्या वर्गातल्या त्या 'होऽऽऽ'पासून.

बाई, तुम्ही आज समोर बसला आहात. तेव्हा वाटायचं, तुम्ही आम्हाला उघडं पाडता. खरं तर 'नाही समजलं' असं म्हणायची मुभा देणाऱ्या तुम्हीच होतात. ते कळायला मला फार वर्षं लागली.

समजलं का, असं मी विचारत नाही. जेवताना भेटू, तेव्हा तुमच्या शब्दांत सांगा.